माक सोमच्या घरातले तीन दिवस

सिल्वासा

माझी मुलगी मालती मलायात मलायी लोकांचा अभ्यास करायला गेली त्याला पाच वर्षं झाली होती. तिथे जाताना दोन वर्षांत येते म्हणाली होती. पत्रं वेळेवर यायची, ती यायची नाही.

आम्ही टोकरखाड्याला राहतो. माझा मुलगा सदा इथल्या कचेरीत नोकरीला आहे. आमचं मूळ गाव केळवे-माहीमकडचं, भाताचं आणि नारळाचं. मी लग्नापर्यंत चिखलात उभी राहून भाताचं आवण लावलंय. शिकले चौथीपर्यंत. नवरा मास्तर होता म्हणून मुलगी शिकली, आणि शिकली म्हणून गेली.

आमच्या शेजारच्या शांताबेन दर महिन्याला विचारायच्या, "माजी, तुमची बेबी तिकडे काय भणते?"

मी सांगायचे, "त्या लोकांचा इतिहास, त्यांची भाषा, शेत कसं करतात, लग्नं कशी लावतात, जमिनीच्या वाटण्या कशा होतात."

"पण ते तर त्या लोकांना ठाऊकच असेल ने?"

मी स्वतः मालूला तेच लिहिलं होतं. लिहिलं होतं की किलवणी आमच्यापासून फार लांब नाही, तिथे वारल्यांचे पाडे आहेत, तेही भात लावतात, त्यांचीही लग्नं होतात. वही घेऊन तिथे बस, दुपारी जेवायला घरी ये.

तिचं उत्तर आलं. "आई, किलवणीत मी साहेबाची बहीण. इथे मी कुणीच नाही. कुणीच नसलं की लोक नीट दिसतात."

मला ते पटलं नाही. मी सदाला सांगितलं, मी तिला आणायला जाते. तो हसला. सूनबाई सुमन हसली नाही, तिने माझं गाठोडं बांधायला घेतलं.

बोट

सदाने मला मद्रासला बोटीवर बसवलं. बोटीबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. आम्ही खालच्या डेकवर चटया टाकून होतो, बहुतेक सगळी तामिळ माणसं, रबराच्या मळ्यांवर परत जाणारी. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला, माझा लसणीच्या चटणीचा डबा उपडा झाला आणि माझं अंथरूण, शेजारणीचं अंथरूण आणि तिच्या देवाचा फोटो, सगळं चटणीने माखलं. मला वाटलं ही आता भांडणार. तिने बोट फोटोवरून फिरवून चाटलं, आणि कागदाचा तुकडा पुढे केला. फोटोवरची बाकीची चटणी तिला बांधून हवी होती. पुढे पिनांगपर्यंत आम्ही एकमेकींचा एकही शब्द न समजता छान राहिलो.

बंदरावर मालू उभी होती. बारीक झाली होती आणि केस कापले होते. मी म्हटलं, "केस कुठे गेले?"

"आई, अगोदर पाया तर पडू दे."

"पड. आणि केस कुठे गेले?"

क्वालालंपूर

दुसऱ्या दिवशी तिने मला तिचं विद्यापीठ दाखवलं. त्यात मलायी अभ्यासाचा वेगळा विभाग आहे. लांब खोली, भिंतीला कपाटं, कपाटात जुन्या पोथ्या. पोथ्या अरबी अक्षरांत पण भाषा मलायी. एका टेबलावर नागमोडी पात्याचा खंजीर होता, त्याला चिठ्ठी बांधलेली. मला हे नवल वाटलं की इतक्या माणसांनी, त्यांत काही त्याच देशातली, आपल्याच आज्यांचं बोलणं चिठ्ठ्या लावून ठेवलंय. आमच्या आजीचं बोलणं कुणी ठेवलं नाही. मलाच दहा-वीस वाक्यं आठवतात, ती माझ्याबरोबर जातील.

मालूचे प्राध्यापक त्याच देशातले, काळी टोपी घातलेले गृहस्थ. त्यांनी चहा मागवला. काहीतरी बोलले. मालू म्हणाली, "म्हणतात, तुमची मुलगी आमच्याबद्दल पुष्कळ जाणते."

"विचार त्यांना, घराबद्दल किती जाणते."

मालूने काहीतरी सांगितलं. ते खूश होऊन माझ्याकडे बघून मान हलवू लागले. म्हणजे तिने मी बोलले ते सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी सरळ विचारलं, "अभ्यास किती राहिला?"

"एक प्रकरण."

"मग लिही की."

ती म्हणाली, लिहायला बघावं लागतं, आणि ते मला कुणी बघू देत नाही. मग तिने सांगितलं ते असं. तिकडच्या जुन्या चालीप्रमाणे कापणीच्या सुरुवातीला शेतातून भाताच्या सात लोंब्या कापतात आणि तान्ह्या बाळासारख्या दुपट्यात गुंडाळून घरी आणतात. तो भाताचा जीव. तो घरात असला की पुढच्या वर्षी बी उगवतं. आता मशिदीतली शिकलेली माणसं याला नावं ठेवतात, पोरीबाळी हसतात, आणि चाल संपत चालली आहे. मालूच्या माहितीत एकच म्हातारी उरली होती, माक सोम नावाची. माक म्हणजे आई. मालू तिच्या घरी दोन वर्षं जाऊन येऊन राहत होती. बाकी सगळं माक सोमने दाखवलं. हे नाही.

"का नाही?"

"म्हणते, ज्या बाईने मूल जन्माला घातलं नाही तिचं इथे काम नाही."

मी म्हटलं, "मला ने."

"आई, ते असं—"

"मला ने. आणि हे झालं की माझ्या बोटीने माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत काढत राहिली. मग म्हणाली, "प्रकरण झालं की येईन."

माक सोमचं घर

क्वाला पिला गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ते गाव. बसमधून उतरले आणि माझे पाय थांबले. नारळ, मधे खाचरं, बांधावर केळी, पाटाचं पाणी. सिल्वाशाला सागाचं रान आहे, दमणगंगा आहे, पण नारळाखालून जाणारी अशी पायवाट मी पस्तीस वर्षांत पाहिली नव्हती. मुलीला परत न्यायला आले होते आणि स्वतःच्या बापाच्या घरी पोहोचल्यासारखं झालं. वर त्या गावात कुठेतरी सुकट भाजत होते. मालू म्हणाली, "आई, चल, ऊन लागेल." मी म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली. धूळ नव्हती, नुकताच पाऊस पडून गेला होता.

घर लाकडाचं, उंच खांबांवर, खाली कोंबड्या. जिन्याशी पाण्याचा रांजण, पाय धुऊनच वर चढायचं. हे मला आवडलं. आमच्या क्वार्टरमध्ये कचेरीतली माणसं बूट घालून आत येतात.

माक सोम माझ्याच वयाची, काळीसावळी, दातांना पानाचा रंग. मालूने वाकून तिचा हात कपाळाला लावला आणि "माक" म्हणाली. आपल्या पोरीने दुसऱ्या बाईला आई म्हटलेलं ऐकायला मी इतके दिवस बोटीत हेलपाटले नव्हते. पण पाहुणी होते, नमस्कार केला.

त्या बाईने माझ्यासाठी नवं मडकं आणून ठेवलं होतं. तिला ठाऊक होतं की आम्ही काय खात नाही. माझी मासळी वेगळ्या मडक्यात, नारळाच्या दुधात, हळदीच्या पानात शिजवली. चव आमच्या घरच्यासारखी होती, मीठ कमी. मी तसं सांगितलं. मालूने या वेळी खरं सांगितलं असावं, कारण माक सोमने मिठाचं भांडं माझ्यापुढे आदळलं.

त्या मुलखात घर आणि शेत मुलीला जातं. मुलगे लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातात. मला हे ऐकून आधी हसू आलं. मग माक सोमने विचारलं, "तुला किती झाली?"

"सहा. जगली दोन. एक मुलगा आणि ही."

"मला चार. चारही मुलगे."

ती घराच्या वाशांकडे बघत बोलली. म्हणजे चौघेही बायकांच्या घरी गेले. घर द्यायला मुलगी नव्हती. माझी पोर तिथे का गोड लागत होती ते मला तेव्हा कळलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

जेवण झाल्यावर तिने माझे हात उलटेपालटे करून बघितले. तळव्यावर जुने घट्टे आहेत. तिने पाठ वाकवून आवण लावल्याची नक्कल केली. मी होय म्हटलं. तिने बोटभर लांब पातं असलेलं लाकडी मुठीचं हत्यार माझ्या तळहातात ठेवलं. ते मुठीत लपतं, भाताला दिसत नाही. विळा दिसला तर भात घाबरतं म्हणे. मी परसातल्या गवतावर दोन-चारदा चालवून पाहिलं, बोट कापलं, पाचव्यांदा जमलं. ती माझ्या बोटाला पान बांधत मालूशी पुष्कळ बोलली.

"काय म्हणते?"

मालूचा आवाज बदलला होता. "म्हणते, परवा हिला घेऊन ये. तू छत्री धर."

शेत

आम्ही उजाडल्यावर निघालो. माक सोम पुढे, मागे मी पाण्याची झारी घेऊन, माझ्या मागे मालू काळी छत्री घेऊन. नियम असा की भाताच्या जिवावर ऊन पडता कामा नये, छत्री क्षणभरही हलवायची नाही. म्हणजे माझी विदुषी मुलगी, दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी तिष्ठत बसली, ती समोर चालू असताना दोन्ही हातांनी छत्री धरून उभी. वही पिशवीत. आणि बोलायचंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिने डोळ्यांनीच सांगितलं, तू बघ.

मी बघितलं.

माक सोमने खाचराच्या मधोमध एक जोमदार ठोंब निवडला. त्याच्यावर आपली सावली पडणार नाही अशी उभी राहिली. तोंडाने हळू काहीतरी पुटपुटली, पोर निजवताना बोलतात तसं. मग श्वास धरला आणि एक लोंबी कापली. श्वास सोडला. पुन्हा धरला. अशा सात. रंगीत दोऱ्याने बांधल्या, पांढऱ्या फडक्यात गुंडाळल्या, डोक्याकडची बाजू मोकळी ठेवली आणि झोळीत घालून छातीशी घेतल्या. एक हात खालून. मला सहा वेळा तसा हात लावायची सवय आहे, तो हात मी ओळखते. ती नाटक करत नव्हती.

घराकडे परतताना वाटेत एक माणूस सायकलवरून आला, आम्हाला बघून उतरला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

आणि मग माझ्या हातून घडलं ते असं. घर जवळ आलं, आणि मला दिसत होती एक बाळंतीण आणि तिच्या कुशीत बाळ. आपल्याकडे बाळ-बाळंतीण दारात आली की काय करतात ते सांगायला नको. मी झारी ठेवली, पाय धुतले, पुढे होऊन जिना चढले, चुलीपाशी रात्रीच्या भाताचं पातेलं होतं त्यातला गोळा घेतला, आणि माक सोम वरच्या पायरीवर आली तशी तिच्यावरून आणि त्या गाठोड्यावरून उतरवून लांब अंगणात टाकला. कोंबड्या धावल्या.

मालूच्या हातातली छत्री हलली.

मला कुणी सांगितलं नव्हतं. भाताचं बाळ घरात आलं की तीन दिवस घरातलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. मीठ नाही, तेल नाही, विस्तव नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तांदळाचा दाणा नाही. आत काहीही येऊ दे, बाहेर काही नाही. आणि मी मूठभर भात कोंबड्यांना टाकला होता.

माक सोमने बाळ आत नेलं, चटईवर छोट्या उशीवर ठेवलं, पांघरूण घातलं. मग बाहेर येऊन मालूला विचारलं. मालूने समजावलं, दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे करतात. माक सोम अंगणाकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि एकच वाक्य बोलली.

"काय म्हणाली?"

"काही हरकत नाही, म्हणते," मालू म्हणाली.

दुपारी ओसरीवर बसून मालूने वही उघडली आणि मला विचारायला लागली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली.

"दोरा कुठल्या रंगाचा?"

"लाल, आणि त्यात पिवळा."

"लोंबी कुठल्या हातात धरली?"

"डाव्या."

"नक्की, आई?"

"मी चौथी पास आहे, आंधळी नाही."

ती हसली. आल्यापासून मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. लहानपणी ती पाटी घेऊन माझ्यापाशी बसायची, तिचा बाप शाळेत असला की मीच उजळणी घ्यायचे. आता ती मला विचारत होती. तीन दिवस घरातून काही बाहेर जायचं नव्हतं, म्हणून आम्हीही कुठे गेलो नाही. हळू बोलायचं, भांडी आपटायची नाहीत. माक सोम मधेमधे येऊन बाळाचं पांघरूण सारखं करायची. आम्ही तिघी पान खायचो. मला तेव्हा वाटलं, हे तीन दिवस संपले नाहीत तरी चालेल. मी असं सहसा म्हणत नाही.

चौथ्या दिवशी निघालो. माक सोमने ते छोटं पातं मला दिलं.

बंदर

क्वालालंपूरला परतून मालूने प्रकरण लिहिलं, प्राध्यापकांनी ते वाचलं. दोन दिवसांनी मालूला बोलावलं. ती परत आली ती जिन्यातच बसली. मी समजले.

"नोकरी देतात?"

"शिकवायची. विभागातच. आई, असं प्रकरण आजवर कुणी आणलं नाही, म्हणाले."

"मी आणलं ते."

"हो. तूच."

मी तिला कबुलीची आठवण करून द्यायला पाहिजे होती. तोंडाशी आली होती. पण तिने वही छातीशी धरली होती, एक हात खालून. म्हटलं, "मग घे." तीन वर्षांनी नक्की येते, म्हणाली. मी म्हटलं, "माझं वय विचारू नकोस मग."

बोटीवर मी एकटी चढले. चटणी नव्हती, समुद्रही शांत होता.

परत

पावसाळ्यात तिचा ग्रंथ टपालाने आला. इंग्रजीत. सदाने रविवारी बसून ते प्रकरण मला मराठीत सांगितलं. सगळं माझंच होतं, लाल-पिवळ्या दोऱ्यासकट. शेवटी खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. सदा वाचता वाचता थांबला.

"वाच."

"लिहिलंय, त्या दिवशी एका पाहुण्या बाईने आपल्या देशाच्या चालीप्रमाणे भात ओवाळून बाहेर टाकला. त्यावर घरधनीण म्हणाली..."

"पुढे?"

"'ज्या हातून भात बाहेर गेला, त्या हाताच्या घरातलं काहीतरी बाहेर राहील.'"

मालू तोंडावर खोटं बोलली आणि पुस्तकात खरं लिहिलं. अभ्यास असाच करायचा असतो, म्हणे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ती पाच वर्षं आधीच गेली होती, तेव्हा मी काय भात टाकला होता? मी हे सदाला म्हटलं आणि उठून चुलीकडे गेले.

आश्विनात किलवणीची रतनी नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आली. ती वारली आहे, आमच्याकडे भाजी घालते. दरवर्षी दारावर बांधायला ती लोंब्या आणते आणि कणसरी आली म्हणते. धान्याच्या देवीला ते कणसरी म्हणतात.

"आये, पोर नाय आणली तिकडून?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग कशाला गेलतीस?"

"कापणीला," मी म्हटलं. ती खूप हसली.

मी त्यांतल्या सात लोंब्या वेगळ्या काढल्या, मालूच्या लहानपणीचं दुपटं ट्रंकेत होतं त्यात गुंडाळल्या आणि देवाच्या फळीवर ठेवल्या. सुमनने बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शांताबेन वाटी घेऊन दारात. "माजी, जरा मीठ आपा ने. आमटी चुलीवर आहे."

मी म्हटलं, "परवा या."

"अरे, मीठ माँगते मी, सोनं नाही!"

"परवा पाहिजे तेवढं न्या. आज घरातलं काही बाहेर जाणार नाही."

त्या वाटी आपटत गेल्या. महिनाभर बोलल्या नाहीत. सुमन म्हणाली, "आई, एवढ्याशा मिठासाठी?"

जायचं ते केव्हाच गेलं होतं, हे मलाही कळत होतं. तरी तीन दिवस मी दारातच बसून होते, आणि मीठ दिलं नाही.